कुत्र्याचा धनी कोण?

व्याख्यानमालेत सामान्यतः तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय निवडले जातात. त्यांच्या पंक्तीला कुत्रा बसलेला पाहून काही श्रोत्यांना हसू येईल. परंतु ज्या घरातील मूल शाळेला जाताना कोपऱ्यावर थबकते आणि आजोबांना काठीशिवाय फिरायला जाता येत नाही, त्या घराला हा विषय क्षुल्लक वाटत नाही. स्थानिक स्वराज्याची पारख मोठ्या ठरावांपेक्षा गटार, दिवा, पाणी आणि कुत्रा अशा रोजच्या गोष्टींत अधिक होते, असे आमचे मत आहे.

हा विषय आम्ही कळंब्याच्या संदर्भात मांडणार आहोत. कळंबा म्हटले की कोल्हापूरकरांना तलाव आठवतो आणि मध्यवर्ती कारागृह आठवते. कोल्हापुराहून गारगोटीकडे जाणारा रस्ता याच बाजूने जातो. एकेकाळी या वाटेवर शहर संपे आणि शेते सुरू होत. आज घरांची ओळ कोठे तुटतच नाही. परंतु कागदावरची रेघ कायम आहे. रस्त्यावरील काही वसाहती महानगरपालिकेत मोडतात आणि पुढच्या वसाहती कळंबे तर्फ ठाणे या ग्रामपंचायतीत. १९७२ साली कोल्हापूरची महानगरपालिका झाली. त्यानंतर अनेक दशके हद्दवाढीच्या बाजूने आणि विरुद्ध सभा, मोर्चे, बंद झाले, पण हद्द जागची हलली नाही. माणसाला ही हद्द कर भरताना कळते. कुत्र्याला ती कधीच कळत नाही. पालिकेच्या कोंडाळ्यावर पोट भरणारा कुत्रा रात्री ग्रामपंचायतीच्या ओसरीवर निजतो, आणि तो कोणाला चावला तर तक्रार नेमकी कोणाकडे करायची, येथून वादाला सुरुवात होते.

या विषयावर दोन पक्ष पडलेले आपण नेहमी पाहतो. एक म्हणतो, ही सगळी कुत्री उचला आणि नाहीशी करा. दुसरा म्हणतो, मुक्या जिवाला हात लावू नका. दोघेही तावातावाने बोलतात, आणि दोघांच्याही बोलण्यातून एक प्रश्न निसटतो. तो म्हणजे, या कुत्र्याचा धनी कोण? आमच्या मते धोक्याचे मूळ कुत्र्याच्या दातांत जितके आहे, त्याहून अधिक या अनुत्तरित प्रश्नात आहे.

नीट पाहिले तर आपल्या वस्तीत तीन प्रकारची कुत्री आढळतात. पहिला प्रकार घरच्या कुत्र्याचा. त्याच्या गळ्यात पट्टा असतो, त्याला नाव असते आणि त्याच्यासाठी डॉक्टरकडे जाणारे कोणी असते. दुसरा प्रकार खरोखर बेवारशी कुत्र्याचा. तो उकिरड्यावर जगतो आणि माणसापासून अंतर ठेवतो. तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला, आणि आमच्याकडे तोच सर्वांत मोठा आहे. या कुत्र्याला चार घरे भाकरी घालतात. रात्री तो राखण करतो म्हणून आळीला तो हवासा वाटतो. त्याला ‘मोत्या’ किंवा ‘टिप्या’ म्हणून हाकही मारली जाते. पण त्याला लस टोचण्याची वेळ आली, त्याने कोणाचा पाय धरला, किंवा कुत्रीला सहा पिले झाली, की तो एकाएकी कोणाचाच उरत नाही. राखणीपुरता आपला आणि खर्चापुरता सरकारचा, अशी ही अर्धी मालकी आहे.

या अर्ध्या मालकीला आपण कधी कधी धर्माचा आधार देतो, म्हणून परंपरेकडेही पाहिले पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील नृसिंहवाडी हे दत्ताचे क्षेत्र. त्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि चार वेदांचे प्रतीक म्हणून आपण त्यांना मान देतो. खंडोबाच्या पायाशीही कुत्रा आहे. युधिष्ठिराने आपल्यामागून आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारले, ही महाभारतातील कथा सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही आख्यायिका कीर्तनातून आपण ऐकत आलो. या कथांतून भूतदया शिकावी हे योग्यच. परंतु त्यांत आणखी एक गोष्ट आहे. युधिष्ठिराने कुत्र्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. त्याला दुसऱ्याच्या दारात सोडून तो पुढे गेला नाही. शिळा तुकडा रस्त्यावर फेकून घरात परतणे आणि त्या जिवाचा भार उचलणे यांत पुष्कळ अंतर आहे.

आता कुत्री मारून प्रश्न सुटतो काय, ते पाहू. हा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे इनाम ठेवले होते. इनामाच्या लोभाने मारेकरी वाटेल त्या कुत्र्यावर हात टाकू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. त्यामुळे जून १८३२ मध्ये तेथे दंगा उसळला आणि दुकाने बंद पडली. पुढेही अनेक शहरांनी कुत्री मारण्याचा क्रम दीर्घकाळ चालू ठेवला, तरी कुत्री संपली नाहीत. याचे कारण अगदी साधे आहे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा, आणि ती वर्षातून दोनदा विऊ शकते. जोवर अन्न आहे तोवर मोकळी झालेली जागा बाहेरून आलेली कुत्री भरून काढतात. आपल्या गावाचे तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरील प्रेम सर्वश्रुत आहे. पण मटणाच्या दुकानामागे टाकलेली आतडी आणि लग्नाच्या कार्यालयामागे पडलेल्या उष्ट्या पत्रावळी याच कुत्र्यांच्या खऱ्या पोशिंद्या आहेत, हे आपण विसरतो. उकिरडा तसाच ठेवून कुत्री हटवणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे.

म्हणून कायद्याने दुसरा मार्ग धरला. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली २००१ साली कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम झाले, आणि २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांचा आशय असा : मोकाट कुत्रा पकडावा, त्याचे निर्बीजीकरण करावे, रेबीजची लस टोचावी, कानाला खूण करावी आणि जेथून आणला तेथेच परत सोडावा. हे काम स्थानिक संस्थेचे आहे. कायद्यातील स्थानिक संस्थेची व्याख्या व्यापक असल्याने तिच्यातून ग्रामपंचायतही सुटत नाही. ज्याने-त्याने वाटेल तेथे खाऊ घालावे असेही हे नियम म्हणत नाहीत. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागा, जिने आणि येण्याजाण्याच्या वाटा सोडून जागा व वेळ नेमावी, असे ते सांगतात.

अलीकडे सर्वोच्च न्यायालयातही हा विषय गाजला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या शहरांतील सर्व मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, असा आदेश झाला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री जागच्या जागी सोडावीत. मात्र रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे ठरले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवावीत व पुन्हा तेथे सोडू नयेत, असाही आदेश झाला. या आदेशांवर दोन्ही पक्षांनी पुष्कळ शाई खर्च केली. आम्हास त्यांतून एवढेच दिसते की, न्यायालय दिल्लीत बसून कितीही बोलले तरी कुत्र्याला पकडणारी गाडी, शस्त्रक्रियेचे टेबल आणि लसीची बाटली गावातच असावी लागते. त्या नसतील तर कोणताही आदेश कागदावरच राहतो.

येथपर्यंत मोकाट कुत्र्याचा विचार झाला. आता पाळलेल्या कुत्र्याकडे वळू. ‘धोकादायक कुत्रा’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पिटबुल, रॉटवायलर अशी परदेशी नावे येतात. अमुक जात बंद करा म्हणजे धोका टळेल, हा विचार मोहक आहे. इंग्लंडने १९९१ साली त्यासाठी खास कायदा केला आणि चार जातींवर बंदी घातली. पुढे २०२३ च्या अखेरीस त्यांत आणखी एका जातीची भर पडली. तरीही मधल्या काळात तेथे कुत्रा चावून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या कमी होण्याऐवजी वाढली. आपल्या केंद्र सरकारनेही मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींच्या कुत्र्यांना परवाने देऊ नयेत, असे परिपत्रक काढले. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नाही या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्येच रद्द ठरवले.

जातीला काहीच अर्थ नाही असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या जबड्याच्या कुत्र्याचा चावा अधिक खोल जातो, हे उघड आहे. परंतु कुत्रा चावतो कशाने, याचे उत्तर जातीत क्वचितच सापडते. मुधोळच्या राजघराण्याने जोपासलेला शिकारी कुत्रा शिस्तीत वाढला म्हणून सैन्यानेही त्याला कामास घेतले. धनगराचा कुत्रा लांडग्याशी झुंजतो, पण मेंढरांतल्या कोकराला इजा करीत नाही. उलट दिवसभर हातभर साखळीला बांधून ठेवलेले, कधी न फिरवलेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकायलाच शिकवलेले जनावर, मग ते साधे गावठी का असेना, साखळी तुटल्या दिवशी कोणावर झडप घालील याचा नेम नसतो. १९६० च्या कायद्याने ही गोष्ट ओळखली होती. जनावराला फार वेळ आखूड किंवा जड साखळीला बांधणे हा तेथे गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हा गुन्हा तर कुत्र्याचे नाव घेऊन सांगितला आहे. जनावर वाऱ्यावर सोडून देणे हाही गुन्हाच. दुर्दैव असे की पहिल्या गुन्ह्याचा दंड त्या कायद्याने दहा ते पन्नास रुपये ठेवला, आणि आजच्या काळात त्याची भीती कोणाला वाटणार?

मात्र आणखी एक कलम आहे, ते प्रत्येक पाळणाऱ्याने ध्यानात ठेवावे. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जीवाला धोका किंवा जबर दुखापत संभवत असताना जो पुरेशी खबरदारी घेत नाही, त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तत्पूर्वी दंडसंहितेत असेच कलम १८६० पासून होते. अनेक बंगल्यांच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी असते. ती लावली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असा मालकाचा समज असतो. पाटी वाटसरूला सावध राहायला सांगते. कायदा मालकाला सावध राहायला सांगतो.

हे सारे ज्यासाठी करायचे, तो धोका काय आहे हेही स्पष्ट बोलले पाहिजे. कुत्र्याच्या चाव्यातील जखम भरून येते. रेबीज, ज्याला जुने लोक अलर्क किंवा पिसाळ रोग म्हणत, तो एकदा अंगात प्रकट झाला की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. तरीही हा रोग पूर्णपणे टाळता येतो. पाश्चरने १८८५ साली पॅरिसमध्ये एका मुलाला लस टोचून हे प्रथम दाखवले.

कुत्रा चावला किंवा त्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. त्यावर हळद, तिखट, चुना असले काहीही भरू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शनांची भीती आता बाळगू नये. ते दिवस गेले, लस दंडात दिली जाते आणि तिचे ठरलेले थोडे डोस असतात. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत भरायचे वेगळे औषध लागते. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते डॉक्टरांकडे आठवणीने विचारावे. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण त्यासाठी लस थांबवू नये. एक डोस घेऊन बरे वाटले म्हणून पुढचे चुकवणे हा जिवाशी खेळ आहे.

याहून चांगला उपाय म्हणजे रोग कुत्र्यातच अडवणे. एखाद्या प्रदेशातील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस टोचलेली असेल तर रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. हे आपल्या शेजारच्या गोव्यात घडले आहे. तेथील सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून राज्यभर गल्लोगल्ली हिंडून वर्षाला सुमारे एक लाख कुत्र्यांना लस टोचली, कोणत्या गल्लीत किती कुत्री झाली याची नोंद ठेवली आणि शाळाशाळांतून मुलांना शिकवले. २०१८ पासून सलग तीन वर्षे तेथे या रोगाने एकही माणूस दगावला नाही, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. तेथे तालुक्याची किंवा पंचायतीची हद्द आली म्हणून लसीची गाडी माघारी वळली नाही, हे विशेष.

आता कळंब्यासारख्या ठिकाणी काय करता येईल, ते सांगतो. पहिली गोष्ट नोंदवहीची. महानगरपालिका अधिनियमात कुत्र्यांवर कर बसवण्याची तरतूद १९४९ पासून आहे. कराच्या रकमेपेक्षा नोंदीचे महत्त्व अधिक. ज्या कुत्र्याचे नाव, लसीची तारीख आणि धन्याचा पत्ता लिहिलेला आहे, तो चावला तर वाद उरत नाही. ग्रामसभेनेही आपल्या हद्दीसाठी अशीच वही ठेवावी. आळीने मिळून सांभाळलेल्या कुत्र्याच्या नावापुढे आळीतील दोन जाणत्या माणसांची नावे लिहावीत. म्हणजे अर्ध्या मालकीची पूर्ण मालकी होईल.

दुसरी गोष्ट हद्दीची. निर्बीजीकरणाची आणि लसीची मोहीम महानगरपालिका व ग्रामपंचायत यांनी एकाच आठवड्यात, एकाच आराखड्याने करावी. रेघेच्या अलीकडे सत्तर टक्के काम झाले आणि पलीकडे शून्य राहिले, तर अलीकडचे कामही वर्षभरात वाया जाते. हद्दवाढीवर मतभेद खुशाल असोत. कुत्र्याच्या लसीवर ते असण्याचे कारण नाही. तिसरी गोष्ट कचऱ्याची. मांसविक्रीची दुकाने आणि मंगल कार्यालये यांचा टाकाऊ माल बंद डब्यातून रोज उचलला गेला पाहिजे. तलावाच्या काठी फिरायला येणाऱ्यांनी बिस्किटाचे पुडे वाटेवर रिकामे करण्याऐवजी नेमलेल्या जागी, नेमलेल्या वेळी खाऊ घालावे. चौथी गोष्ट तक्रारीची. चाव्याची नोंद दवाखान्यात होते आणि कुत्र्याची तक्रार दुसऱ्या कचेरीत. या दोन वह्या दर आठवड्याला एकत्र वाचल्या तर धोक्याची गल्ली कोणती, हे आपोआप कळेल.

पाळणाऱ्याची कर्तव्ये मोजकीच आहेत. पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर लस द्यावी आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी पुन्हा द्यावी. पिले नको असतील तर शस्त्रक्रिया करून घ्यावी. पिले पोत्यात घालून तलावाकाठी सोडण्याचे पाप करू नये. रस्त्यावर नेताना साखळी हातात असावी, आणि जनावर तापट असेल तर तोंडाला मुसके असावे. त्याची घाण आपण उचलावी. लहान मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडू नये. आणि हे सारे आपल्याच्याने होणार नसेल, तर कुत्रा पाळू नये. तो न पाळण्यात काही उणेपणा नाही.

नागरिकत्व म्हणजे केवळ हक्कांची यादी नव्हे, हे आपण अनेक व्याख्यानांतून ऐकतो. त्याचा अर्थ आपल्या दारात शेपूट हलवीत उभ्या असलेल्या जनावरासंबंधी ‘हा माझा’ असे म्हणण्याइतका लहानही असू शकतो. आज आपल्या गल्लीतील प्रत्येक कुत्र्यापुढे एक नाव लिहिता येते का, ते पाहावे. जेथे लिहिता येत नाही तेथे ग्रामपंचायतीचे किंवा महानगरपालिकेचे नाव लिहावे आणि त्यांच्याकडे हिशेब मागावा. एकही ओळ कोरी राहिली नाही, तर शाळेला जाणाऱ्या मुलाला कोपऱ्यावर थबकावे लागणार नाही, आणि त्या मुक्या जनावराच्या पाठीत दगडही बसणार नाही.